निम्मी अक्षरं

मी तोंडाची फटकळ आहे. आधीच सांगितलेलं बरं. नाहीतर वाचणाऱ्याला वाटायचं, बाईचं वय झालं आणि आता जुन्या घराच्या गोड गोड आठवणी काढत बसलीय. गोड बिड काही नाही. मला माझ्या जावेसमोर बसून पुन्हा एकदा एक डाव खेळायचा होता. इतकीच मागणी. त्या डावापायी किती वर्षं गेली आणि शेवटी हाती काय आलं, ते सांगते.

जयसिंगपूरहून कसबा बावड्यात मी सून म्हणून आले ती नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला. घर साधं, स्लॅबचं, मागं ऊस. कारखाना सुरू झाला की मळीचा वास थेट जेवणाच्या ताटापर्यंत यायचा. पहिल्या वर्षी मला त्यानं मळमळायचं, नंतर तो आला नाही की चुकल्यासारखं वाटायला लागलं. घरात सासूबाई, म्हणजे आमच्या आत्ती, थोरले दीर, त्यांची बायको, माझा नवरा आणि मी. दिरांच्या बायकोला मी अक्का म्हणायचे.

अक्का कोल्हापुरात इंग्रजी घेऊन बी.ए. झालेली. तिच्या लग्नात रुखवतावर, लाडवांच्या उतरंडी आणि मण्यांच्या तोरणाच्या मधोमध, एक चपटा डबा ठेवलेला होता. इंग्रजी शब्द जुळवायचा खेळ, स्क्रॅबल. ती कॉलेजात असताना तिच्या वडिलांनी आणून दिलेला. मांडवातल्या बायकांनी म्हणे उघडून बघितला आणि विचारलं, "ह्यो सापशिडीचा डबा व्हय? मग ह्यात साप कुठं हाय?" हे सांगताना अक्का इतकी हसायची की तिला ठसका लागायचा.

खेळ समजायला अवघड नाही. पिशवीत शंभर चौकोनी सोंगट्या, त्यांच्यावर इंग्रजी अक्षरं आणि कोपऱ्यात गुणांचा बारीक आकडा. सात-सात उचलायच्या आणि पटावर शब्द जुळवायचा. दुपारी पुरुष रानात गेले, आत्ती जरा आडव्या झाल्या, की आम्ही दोघी जिन्याखाली शिरायचो. पेंडीची पोती ठेवायची जागा ती. मान वाकवून आत जावं लागायचं, पण वैशाखातही थंडगार. मी मराठी शाळेतली, इंग्रजीपासून चार हात लांब राहणारी. पहिल्या दिवशी मी मोठ्या हिमतीनं 'कॅट' लावलं, मग 'रॅट' लावलं. अक्का म्हणाली, "वा गं बाई! पहिलीचं पुस्तक संपलं की तुझं!" मला असला राग आला की पट उधळायच्याच बेतात होते.

दुसऱ्या दिवशी तिनं तिची जाडजूड डिक्शनरी माझ्या मांडीवर ठेवली आणि तिच्यातल्या सांदीकोपऱ्यातले शब्द दाखवायला सुरुवात केली. दोन अक्षरी, तीन अक्षरी, बघितले तर वाटावं कुणीतरी चुकून छापलेत. इंग्रजांच्या पोरांनाही ते ठाऊक नसतील. फक्त हा खेळ खेळणाऱ्यांनी ते जपून ठेवलेत, कारण अडचणीत तेच कामाला येतात. आणि त्यावर अक्काचा स्वतःचा एक नियम. नुसता शब्द लावून भागायचं नाही. त्याचा अर्थ मराठीत सांगायचा आणि तो शब्द आपल्या घरातल्या कशावर तरी 'बसवायचा'. बसला तर गुण, नाही बसला तर मुकाट्यानं सोंगट्या उचलायच्या.

ओ आणि ई, एवढाच एक शब्द. कुठल्याशा बेटांजवळ समुद्रात उठणारी वावटळ. तो थोरल्या दिरांवर बसला, कारण ते रानातून आले की आधी दार आपटायचं आणि मग ते दिसायचे. 'झॅक्स' म्हणजे छपराची दगडी कौलं छाटायचं हत्यार. ते कुणावर बसवायचं यावर वादच नव्हता, आत्तींची जीभ! 'येक्स' म्हणजे उचकी. 'केक्स' म्हणजे वाळून पोकळ झालेला दांडा. "अवो अक्का, हे तर आपलं चिपाड!" मी ओरडले, तेव्हा पलीकडून आत्ती जाग्या झाल्या. 'एट' म्हणजे नदीतलं इवलंसं बेट. पंचगंगेचं पाणी रानात शिरलं की आमच्या आंब्याखालचा उंचवटा तेवढा वर राहायचा, तो आमचा 'एट'. आणि एक दिवस अक्कानं जी, यू, आर अशी तीन अक्षरं लावली आणि डिक्शनरी माझ्याकडं सरकवली. गूळ! आपला गूळ, इंग्रजी पुस्तकात, अर्थासकट. "बघ की," ती म्हणाली, "गूळ सायबाच्या पुस्तकात पाय पसरून बसलाय आणि तू इंग्रजीला भितीस!"

मला सगळ्यात आवडलेला शब्द सी, डब्ल्यू, एम असा लिहायचा. उच्चार 'कूम'. बघितला तर त्यात एक स्वर नाही, नुसते काटे. अर्थ मात्र मऊ, डोंगराच्या कुशीतली खोलगट जागा. तो आम्ही जिन्याखालच्या पोत्यांच्या जागेवर बसवला. "कूमात चल" म्हटलं की खेळायला चल. हे घरात दुसऱ्या कुणाला कळत नव्हतं आणि त्यातच निम्मी मजा होती.

मग भावाभावांचं बिनसलं. माझा नवरा कागलच्या एमआयडीसीत नोकरीला लागला, तेव्हापासून थोरल्या दिरांच्या डोक्यात एकच, रानात राबायचं मी आणि पिकात हिस्सा तुझा? त्यात विहिरीच्या मोटारीच्या पाळीवरून एकदा चांगलीच जुंपली, एकमेकांच्या अंगावर धावून गेले, आणि दशक संपता संपता वाटणी ठरली. भावकीतले एक चुलत सासरे पंच म्हणून आले. माणूस सज्जन, पण निम्मं म्हणजे निम्मं यापलीकडं त्यांना काही दिसायचं नाही. हंडे मोजले, पाट मोजले. खलबत्त्यातला खल तिकडं गेला आणि बत्ता इकडं आला. मी म्हटलं, आता लसूण काय कपाळावर ठेचू? नवऱ्यानं डोळे वटारले.

शेवटी कपाटातनं डबा निघाला. "ह्यो कुणाचा?" पंचांनी विचारलं. मी अक्काकडं बघितलं. रुखवतातली वस्तू बाईची स्वतःची, तिला वाटणीत कुणी हात लावत नाही. तिनं फक्त 'माझा' म्हणायचं होतं. ती खांबाला टेकून उभी होती आणि एक अक्षर बोलली नाही. माझा नवराच म्हणाला, "दोघी खेळत्यात त्यात." झालं! म्हातारबाबांनी सोप्यात फतकल मारली आणि सोंगट्या पालथ्या घालून एक इकडं, एक तिकडं, अशी समान वाटणी केली. पट एकच होता. तो उलटसुलट करून ते म्हणाले, "हेला मधी घडी हाय की. करवत आणू का?" ते चेष्टा करत नव्हते. अखेर पट थोरल्यांकडं गेला, त्याच्या बदल्यात डिक्शनरी आमच्याकडं आली.

माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली! बापानं दिलेला डबा डोळ्यांदेखत फोडला आणि ही मूग गिळून बसली. नवऱ्याला भ्याली, दुसरं काय. निम्म्या अक्षरांचं काय लोणचं घालायचं होतं मी? पिशवी ट्रंकेच्या तळाला टाकली आणि वर जुनी लुगडी दडपली.

अंगणात भिंत उभी राहिली. जिना त्यांच्या बाजूला गेला, आम्ही बाहेरून लोखंडी जिना करून घेतला. आत्ती थोरल्यांकडं राहिल्या. बोलणं बंद. आणि साधं बंद नव्हे, थोरल्या दिरांनी अक्काला बजावलेलं होतं, पलीकडच्या माणसाशी तोंड उघडलंस तर माहेरचा रस्ता धरायचा. गच्ची तेवढी एकसलग होती, मधे गुडघ्याएवढा कठडा.

त्या उन्हाळ्यात मी मिरच्या वाळत घालायला वर गेले, तर कठड्यावर तीन सोंगट्या मांडलेल्या. ए, आय, टी. एट. चहूकडं पाणी आणि मधे एवढंसं बेट. मला कुणी अर्थ सांगायची गरज नव्हती. अक्का तिकडं एकटी पडली होती. मी हातातली मिरच्यांची पाटी खाली ठेवली आणि तिथंच बसून रडले. राग होता, तो काही गेला नाही. पण खाली जाऊन ट्रंकेतली पिशवी काढली.

तेव्हापासून आमचं कठड्यावर सुरू झालं. ना पट, ना गुण. मी वर गेले की एक शब्द मांडायचा, तिनं येऊन वाचायचा. वाचला की ती माझ्या सोंगट्या अलगद माझ्या बाजूला सरकवून ठेवायची आणि शेजारी स्वतःचा शब्द मांडायची. वाटणीतली अक्षरं, मिसळायला नकोत! ओ-ई दिसलं की समजायचं, आज वावटळ आहे, गच्चीवर रेंगाळू नये. 'झॅक्स' दिसलं की आत्तींनी तिला छाटली असणार. आणि एके दिवशी तिनं 'येक्स' मांडला. उचकी. म्हणजे काय ते आपल्याकडं लहान पोरालाही कळतं. माझी आठवण काढलीस काय गं, असं विचारत होती ती. त्यानंतर तिनं तोच शब्द किती वेळा मांडला असेल! माझ्याकडं अक्षरं असती तर मीही मांडला असता. पण त्यातलं एक्स शंभरात एकच, ते तिच्या वाट्याला गेलेलं. मग मी तिचा शब्द बघून नुसती वाळवणातल्या हळदीनं पिवळी झालेली बोटं कठड्यावर टेकवायचे. होय, काढली होती आठवण.

असं दोन-तीन उन्हाळे चाललं. मग ती म्हैस आटली.

म्हैस त्यांची. सकाळी दीर धार काढायला बसले तर दूध नाही. त्याच दिवशी थोरले दीर पाण्याची टाकी बघायला वर चढले आणि कठड्यावर त्यांना माझा शब्द सापडला. सी, डब्ल्यू, एम. कूम. मला जिन्याखालच्या त्या जागेची आठवण आली होती, म्हणून मांडलेला. शेजारी माझ्या मिरच्या आणि हळद वाळत होती, सोंगट्यांना त्याचाच तांबडा-पिवळा लेप. आणि कोपऱ्यात आकडे. थोरल्या दिरांनी ती अक्षरं कागदावर उतरवून गल्लीतल्या एका मास्तरांना दाखवली. ते बिचारे म्हणाले, असला शब्द इंग्रजीत नाही, ह्यात स्वरच नाही. मग राहिलं काय? करणी! धाकट्याच्या बायकोनं म्हशीवर करणी केली.

"अवो, शब्द हाय त्यो!" अक्का ओरडत होती. दोघं गच्चीवर होते, मला खाली सगळं ऐकू येत होतं. "अर्थ हाय त्येला! डोंगराच्या कुशीतली खोल जागा!"

"डोंगरातली जागा माझ्या कठड्यावर कशाला येतीय?"

पलीकडच्या बाईशी रोज बोलते, हे अक्का कसं सांगणार? मी डिक्शनरी छातीशी धरून लोखंडी जिन्यावरनं धावत वर गेले. थोरल्या दिरांसमोर आमच्यात धाकटीनं तोंड उघडायचं नसतं. मी डोक्यावरच्या पदराचंही भान न ठेवता पान उघडून ओरडले, "भाऊजी, हे बघा! छापलंय हितं!" त्यांनी पुस्तकाकडं बघितलंसुद्धा नाही. "जेनं केलं त्येचंच पुस्तक!" म्हणाले. पटवायचं तरी कसं? डिक्शनरी अक्काच्या वाट्याला गेली असती तर कदाचित... पण ती आमच्याकडं आली होती. चिमट्यानं त्यांनी माझ्या तिन्ही सोंगट्या उचलल्या, सुपात लिंबाशेजारी ठेवल्या आणि जाऊन पंचगंगेत टाकल्या. आठवड्याभरात गवंडी आला. कठडा पुरुषभर उंच झाला.

त्यानंतर अक्का मला दिसायची ती लग्नाकार्यात, लांबून, बायकांच्या पंगतीत चार पानं सोडून. एकमेकींकडं बघायचो. बस्स. मी फटकळ, पण तेव्हा मान खाली घालून पानातलं संपवायचे.

ती आजारी असल्याचं मला दूध घालायला येणाऱ्या बाईकडून कळलं. पोटाचं दुखणं, मिरजेला नेलंय, म्हणाली. मी सगळं टाकून त्यांच्या दारात गेले. आत्तींनी दार पुढं लोटलं. पुन्हा गेले, पुन्हा तेच. नवरा म्हणाला, "अपमान करून घ्यायची हौस हाय काय तुला?" मी म्हटलं, हाय.

मग एका सकाळी दारात कुणीतरी खाकरलं. बघते तर थोरले दीर. इतक्या वर्षांत त्यांची सावली आमच्या उंबऱ्यावर पडली नव्हती. खंगले होते. माझ्याकडं न बघता चौकटीकडं बघत म्हणाले, "डॉक्टरांनी घरी न्या म्हटलंय तिला." जाता जाता म्हणाले, "तुझी निम्मी घेऊन ये म्हणतीय."

मी गेले. खाटेवर अक्का होती, म्हणजे तिच्यातलं जेवढं उरलं होतं तेवढं. मला बघून म्हणाली, "केक्स." चिपाड. आणि हसली. मला हसता आलं नाही, मी जोरात म्हटलं, "गप बसा, बसत न्हाई त्यो शब्द तुमच्यावर! उचला सोंगट्या!" तेव्हा तिला खरंच हसू आलं, ठसका लागेपर्यंत.

पट तिच्या पायांशी मांडला. तिची पिशवी आणि माझी पिशवी एकत्र केली. "तीन कमी हायत," ती म्हणाली. दाराशी दीर उभे होते. पटावर पहिला शब्द लागला तसे ते पुढं आले आणि वाकून बघायला लागले. "हेच व्हय ते?" त्यांनी विचारलं. "हेच," मी म्हटलं. ते तसेच मागं वळून अंगणात गेले आणि बराच वेळ आत आले नाहीत.

तिच्या बोटांत बळ नव्हतं, सोंगट्या मीच ठेवत होते, ती नुसती दाखवायची. दोन-चार शब्द झाले. मग तिनं ए, आय, एन अशी अक्षरं दाखवली. 'एन'. "अर्थ?" मी नियमानं विचारलं. "स्वतःचं," ती म्हणाली. "हक्काचं, आपलं."

"बसवा कशावर तरी."

"ह्या डब्यावर."

माझ्या तोंडून इतक्या वर्षांचं निघूनच गेलं. "डबा तुमचा स्वतःचा होता, तर वाटणीत गप का बसलासा? एक शब्द बोलायचा हुता की! म्हातारा करवत मागत हुता, आणि तुम्ही खांबाला टेकून उभ्या!"

तिनं डोळे मिटले. मला वाटलं, दमली. पण ती बोलली, एकेक शब्द थांबून थांबून. "माझा हाय म्हटलं असतं, तर सगळा माझ्याकडं आला असता. मग तू कशाला आली असतीस माझ्याकडं? निम्मी तुला, निम्मी मला. एकटीला खेळताच येऊ ने. आज ना उद्या बसावंच लागंल दोघींना, असं धरलं हुतं मी." मग थोड्या वेळानं, "भिंत धरली न्हवती."

तिचा हात घेऊन बसले. ती झोपली. पट तसाच ठेवून मी घरी आले, उद्या पुढं खेळू म्हणून. दुसऱ्या दिवशी तिला शुद्ध नव्हती, आणि मग ती गेलीच.

बोलणं नसलं तरी भावकी एकच. सुतक आमच्याकडंही होतं. भिंतीच्या दोन्ही बाजूंना चुली बिनफोडणीच्या. तेरावं झालं आणि दिरांनी मला आत बोलावलं. खाटेवर तो डबा होता. दोन्ही पिशव्या त्यांनी त्यात भरल्या होत्या, पट घडी करून वर ठेवला होता. "घेऊन जा," म्हणाले. "तुझाच हाय आता. सगळा."

मी डबा उघडला. माझी पिशवी त्यात जड लागत होती. सगळी अक्षरं त्यांनी एकातच घातलेली. मी खाटेवर बसले, सोंगट्या पालथ्या ओतल्या आणि एक इकडं, एक तिकडं अशा वाटायला लागले. दीर बघत उभे. मधे एकदा त्यांनी विचारलं, "हे काय चाललंय?" मला रडणं आवरेना, पण हात थांबवले नाहीत. वाटून झालं तशी माझी पिशवी मी कमरेला खोचली आणि दुसरी त्यांच्यापुढं धरली.

"ही तुमच्याकडंच ठेवा, भाऊजी," मी म्हटलं. "सगळी माझ्याकडं आली, तर मला हिकडं यायला कारण काय ऱ्हाईल?"

त्यांनी पिशवी घेतली आणि कपाटात, तिच्या लुगड्यांशेजारी ठेवली.